मनातले मांडे आणि हातातला पेला

अंगावरून वारे गेलेला माणूस इस्पितळातून घरी आला, की घरची मंडळी पहिली चौकशी पायाची करतात. उठून बसतात का, चार पावले टाकतात का, न्हाणीघरापर्यंत जातात का, याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. आणि पुष्कळदा पाय साथ देतोही. शरीराचा भार पेलून पुढे सरकण्यापुरता पाय सावरला, हातात काठी आली, की काम भागते. हाताचे तसे नाही. सदऱ्याची एक गुंडी लावायची म्हटली, तरी खांदा स्थिर राहावा लागतो, कोपर वळावे लागते, मनगट उचलावे लागते, आणि अंगठा व तर्जनी यांची गाठ नेमक्या जागी पडावी लागते. त्यातले एक जरी चुकले तरी गुंडी लागत नाही.

मग घरात एक वाक्य ऐकू येऊ लागते. "चालायला लागले हो, आता हात तेवढा राहिला." हे वाक्य कित्येक घरांत वर्षानुवर्षे तसेच राहते. हात मांडीवर पडून असतो. दुसरा, चांगला हात सगळी कामे उरकतो. त्यातून उजवा हात गेलेला असला, तर आपल्याकडे आणखी एक दुःख असते. चारचौघांत डाव्या हाताने जेवायची लाज वाटते. पंगतीला बसणे माणूस टाळू लागतो. मग हळूहळू माणसांत बसणेच टाळू लागतो. हात राहिला म्हणजे नुसता हात राहिला असे नव्हे. त्याच्याबरोबर पुष्कळ काही राहून जाते.

व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट सांगतात, की सराव करा, पुन्हा पुन्हा करा. सल्ला रास्त आहे. पण ज्याचा हात जेमतेम चार बोटे उचलतो, किंवा तेवढाही उचलत नाही, तो विचारतो, "अहो, जो हात हलतच नाही, त्याचा सराव करू तरी कसा?" हा प्रश्न अगदी खरा आहे. या प्रश्नाला गेल्या तीसेक वर्षांत दोन उत्तरे पुढे आली. एक, ती हालचाल मनात करायची. दुसरे, ती हालचाल दुसऱ्याला करताना नीट पाहायची. दोन्ही उत्तरे ऐकायला इतकी सोपी आहेत, की कुणालाही हसू यावे. मनात मांडे खाऊन कधी पोट भरते का? आणि दुसऱ्याला पेला उचलताना पाहून आपला हात उचलतो का? याच शंकेचा विचार आपण करू या.

आधी बिघाड कुठे झाला ते पाहू. वारे गेले असे आपण म्हणतो, कारण हात एकाएकी लुळा पडतो आणि बाहेरून तर काहीच घडलेले दिसत नाही. घडलेले असते ते मेंदूत. मेंदूला रक्त पुरवणारी एखादी वाहिनी गुठळीने तुंबते किंवा फुटते, आणि तिथल्या मज्जापेशी मरतात. डॉक्टर यालाच स्ट्रोक म्हणतात. उजव्या हाताचे हुकूम मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागातून सुटतात, डाव्या हाताचे उजव्या भागातून. कारण हे हुकूम नेणारे बहुतेक तंतू मेंदूच्या तळाशी, मानेच्या वरच्या टोकाला, आपली बाजू बदलतात. म्हणून डाव्या मेंदूत इजा झाली की उजवे अंग लुळे पडते.

कालव्याचा पाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही गोष्ट चटकन कळेल. धरण भरलेले आहे, शेतही चांगले आहे, पण मधला पाट एका जागी ढासळला आहे. अशा वेळी शेतात कितीही खत घाला, पाणी येत नाही. हाताला तेल चोळले तर बरे वाटते, कातडी मऊ राहते. पण ढासळलेला पाट हातात नसतो, डोक्यात असतो. आता त्या मोठ्या पाटाच्या शेजारी लहानसहान चाऱ्या असतात. पाणी त्यांतून वाहू लागले आणि वाहत राहिले, तर त्या रुंदावतात. मेंदूचेही काहीसे तसेच आहे. इजा झालेल्या जागेच्या आसपासचे आणि दूरचेही भाग काही काम उचलू शकतात. पण त्यासाठी पाणी वाहत राहिले पाहिजे, म्हणजे ती हालचाल पुन्हा पुन्हा घडली पाहिजे.

घडली नाही तर उलटे होते. एडवर्ड टाउब या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने माकडांवरील प्रयोगांतून एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. हात वापरणे जसे शिकता येते, तसे न वापरणेही शिकले जाते. सुरुवातीला हात खरोखरच हलत नाही. प्रयत्न केला की फजिती होते. म्हणून प्रयत्न सुटतो. पुढे मेंदू सावरून हाताला थोडी शक्ती आली, तरी माणूस तो हात वापरून पाहत नाही. त्याला सवयच उरत नाही. म्हणून हात हलत नसतानाचे जे पहिले दिवस असतात, त्यांत त्या हाताचे नाव मेंदूच्या वहीतून पुसले जाऊ नये, ही मोठीच गरज असते. मनातला सराव उपयोगी पडतो तो इथे.

आता वाचता वाचता एक लहानसा प्रयोग करा. तुमच्यासमोर पाण्याने काठोकाठ भरलेला पितळी पेला आहे, असे समजा. हात न हलवता, मनातच, तो उचला आणि ओठांशी न्या. घाई करू नका. काय अनुभव आला? काहींना सिनेमा पाहावा तसे दिसले असेल. कुणी एक माणूस पेला उचलतो आहे, आणि आपण बाजूला उभे राहून पाहतो आहोत. काहींना मात्र बोटांना पितळेचा गारवा जाणवला असेल, मनगटावर वजन आले असेल, पाणी सांडू नये म्हणून कोपर जपून वळले असेल. पहिला प्रकार पाहण्याचा, दुसरा करण्याचा. हाताला उपयोगी पडतो तो मुख्यतः दुसरा.

आणखी एक गंमत पाहा. पेला काठोकाठ भरलेला होता म्हणून मनातली हालचालही सावकाश झाली असेल. पेला रिकामा असता तर झटकन झाली असती. फ्रान्समधल्या ल्योन शहरी मार्क जानरो आणि झाँ देसती यांनी याचा कसून अभ्यास केला. 1989 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात माणसे ठरावीक अंतर प्रत्यक्ष चालली, आणि तेच अंतर मनातल्या मनात चालली. दोन्हींना लागलेला वेळ जवळजवळ सारखा निघाला. पुढच्या प्रयोगांत असेही दिसले, की मनातल्या मनात भरभर चालले, तर जागच्या जागी बसलेल्या माणसाची नाडी आणि श्वासही वाढतो. म्हणजे मनात हालचाल करणे हा नुसता विचार नव्हे. हालचालीची आखणी करणारे मेंदूचे भाग तेव्हा खरोखर कामाला लागतात. शेवटचा हुकूम तेवढा सुटत नाही.

आपल्याकडे हे अनुभवाने जाणणारे लोक पुष्कळ आहेत. तबल्याचा विद्यार्थी बोल आधी तोंडाने म्हणतो. पढंत पक्की झाली की हाताला वाट सापडते, असे गुरुजी सांगतात. 1995 साली अमेरिकेत अल्वारो पास्कुआल-लिओने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पियानोवर याची परीक्षा घेतली. पियानो न येणाऱ्या माणसांना पाच बोटांचा एक साधा पाठ दिला. काहींनी तो पाच दिवस, रोज दोन तास, खरोखर वाजवला. काहींनी तितकाच वेळ पियानोसमोर बसून बोट न हलवता मनात वाजवला. बोटांचा कारभार पाहणारा मेंदूचा भाग दोघांचाही सारखाच विस्तारलेला आढळला. वाजवण्याच्या सफाईत मात्र मनात वाजवणारे मागे होते. पाचव्या दिवशी ते तिथे पोहोचले, जिथे हाताने वाजवणारे तिसऱ्या दिवशीच पोहोचले होते. पण त्यांना एकदाच दोन तास प्रत्यक्ष वाजवू दिले, आणि त्यांनी ती तूट भरून काढली.

त्याआधी, 1992 साली, ग्वांग युए आणि केली कोल यांनी याहून नवलाची गोष्ट दाखवली होती. करंगळी बाजूला ताणण्याचा व्यायाम काहींनी चार आठवडे प्रत्यक्ष केला, काहींनी फक्त मनात. प्रत्यक्ष करणाऱ्यांची त्या हालचालीतली ताकद 30 टक्क्यांनी वाढली. मनात करणाऱ्यांची 22 टक्क्यांनी. काहीच न करणाऱ्यांची चार टक्क्यांच्या आतच राहिली. स्नायूंना हातही न लावता ताकद आली कुठून? ती स्नायूंना हुकूम देणाऱ्यातून आली.

आता आपल्या मांड्यांकडे वळू. मनात मांडे खाऊन पोट भरत नाही, हे शंभर टक्के खरे. पण मांडे करणाऱ्या बाईकडे एकदा बघा. कणकेचा गोळा दोन्ही हातांवर खेळवत खेळवत ती तो हातभर पसरवते आणि न फाटू देता उपड्या खापरावर अलगद टाकते. ही सगळी करामत हातांची. तिने मनात मांडे खाल्ले तर ते मनोराज्य. पण मनात मांडे केले, कणीक कशी ताणायची, हात कधी फिरवायचा, कुठे सांभाळायचे, हे एकेक करून मनात घोळवले, तर तो अभ्यास. "माझा हात बरा झाला आहे" असे डोळे मिटून म्हणत राहणे म्हणजे मांडे खाणे. "बोटे उघडली, अंगठा बाजूला झाला, पेल्याला टेकला, आता दाब दिला" अशी एकेक पायरी मनाने हातात जाणवून घेणे म्हणजे मांडे करणे.

पण निरोगी माणसाच्या करंगळीवरून आजारी माणसाच्या हाताचा हिशेब करणे बरे नव्हे. खुद्द रुग्णांत काय दिसले? 2007 साली अमेरिकेत स्टीफन पेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 32 रुग्णांवर प्रयोग केला. त्यांना झटका येऊन सरासरी सुमारे साडेतीन वर्षे झाली होती. "आता काय सुधारायचं ते सुधारलं" असे ज्यांना एरवी सांगितले जाते, त्यांतले हे लोक. सगळ्यांना आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, सहा आठवडे हाताचा व्यायाम दिला. त्यानंतर निम्म्यांनी ध्वनिफीत ऐकत त्याच हालचाली मनात केल्या. उरलेल्यांनी तितकाच वेळ अंग सैल सोडण्याची फीत ऐकली. हाताची कामे पारखणाऱ्या 57 गुणांच्या परीक्षेत मनाचा सराव करणाऱ्यांचे गुण सरासरी सुमारे आठांनी वाढले. दुसऱ्या गटाचे अर्ध्या गुणानेही वाढले नाहीत.

इथेच थांबलो असतो तर गोष्ट फार गोड झाली असती. पण 2011 साली ब्रिटनमधला एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात 121 रुग्ण होते. मॅग्दालेना इत्सवार्त आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार आठवडे मनाचा सराव कसोशीने करून घेतला. फायदा दिसला नाही, अजिबात नाही. असे का व्हावे? दोन्ही प्रयोगांतला एक फरक लक्षात घेण्यासारखा आहे. पेज यांच्या रुग्णांनी जी हालचाल हाताने केली, तीच लगेच मनाने केली. ब्रिटनमधल्या प्रयोगात मनाचा सराव एकटाच तपासला होता. त्याला त्याच हालचालींचा प्रत्यक्ष सराव मुद्दाम जोडलेला नव्हता. पियानोवाल्यांचीही गोष्ट आठवा. मनात वाजवणाऱ्यांची तूट भरून निघाली ती कळीवर बोट पडल्यावर.

सगळ्या जगातले प्रयोग एकत्र तोलून पाहणारी कॉक्रन नावाची एक संस्था आहे. तिने 2020 साली या विषयावरचे 25 प्रयोग तपासले. निष्कर्ष असा, की नेहमीच्या उपचारांना मनाच्या सरावाची जोड दिली, तर हाताने कामे करण्याची क्षमता बहुधा अधिक सुधारते. यातला महत्त्वाचा शब्द 'जोड' हा आहे. लोणचे जेवणात रुची आणते. पण नुसत्या लोणच्यावर कुणी जेवत नाही.

आता दुसरे उत्तर, पाहण्याचे. याची सुरुवात इटलीतल्या पार्मा शहरी झाली. तिथे जाकोमो रिझोलात्ती यांच्या प्रयोगशाळेत माकडाच्या मेंदूतल्या एकेका पेशीची विद्युत्-हालचाल बारीक तारेने टिपत असत. माकडाने खाऊ उचलला की हाताच्या हालचालीची आखणी करणारी पेशी जागी होई, यात नवल नव्हते. पण संशोधकाने खाऊ उचलला आणि माकडाने तो नुसता पाहिला, तरी त्यांतल्या काही पेशी जाग्या होतात, असे दिसले. हे 1992 साली प्रसिद्ध झाले. पुढे या पेशींना आरसा-पेशी असे नाव पडले. त्यांच्याविषयी पुढे फार मोठमोठे दावे केले गेले आणि त्यांवर वादही पुष्कळ झाले. आपल्याला त्या वादात शिरायचे कारण नाही. एवढे मात्र पक्के आहे, की माणूस ओळखीची कृती पाहतो तेव्हा ती कृती करण्यास लागणारे मेंदूचे काही भागही सोबत चेततात. लहान मूल आईला पोळी लाटताना टक लावून पाहते आणि मग तिच्या पोळपाटाशी झटापट करते, ते उगीच नव्हे.

2007 साली जर्मनीतल्या संशोधकांनी याचा उपयोग रुग्णांसाठी करून पाहिला. झटका येऊन बरेच महिने उलटलेल्या रुग्णांना चार आठवडे, हाताने करायच्या रोजच्या कामांचे व्हिडिओ दाखवले, आणि प्रत्येक व्हिडिओनंतर तेच काम करायला लावले. तुलनेच्या गटाने कामे तीच केली, पण व्हिडिओच्या जागी भूमितीच्या आकृत्या पाहिल्या. व्हिडिओ पाहणाऱ्यांचा हात अधिक सुधारला. हे रुग्ण फारच थोडे होते. पण 2012 साली इटलीत 102 रुग्णांवर झालेल्या प्रयोगातही असेच दिसले. तिथे एका परीक्षेत, पेटीच्या एका कप्प्यातले लाकडी ठोकळे एका मिनिटात दुसऱ्या कप्प्यात टाकायचे होते. स्थिर चित्रे पाहिलेल्यांपेक्षा हलत्या कृती पाहिलेल्यांनी त्यात अधिक प्रगती केली. कॉक्रनने 2022 साली अशा 16 प्रयोगांचा ताळा घेतला तेव्हा फायदा आढळला, पण तो थोडा, आणि पुरावाही फार भक्कम नव्हे. हे स्वच्छ सांगितलेले बरे. जादू यात नाही. जिथे मुळात साधनेच थोडी आहेत, तिथे आणखी एक साधन हाती आले, इतकेच.

या साधनाचे एक भावंडही आहे. तमिळनाडूत जन्मलेले विलयनूर रामचंद्रन यांनी 1990 नंतरच्या दशकात, हात कापला गेलेल्या लोकांसाठी आरशाची एक युक्ती काढली. चांगला हात आरशापुढे हलवायचा आणि प्रतिबिंब पाहायचे. गेलेलाच हात हलतो आहे असे वाटते. 1999 साली ही युक्ती लुळ्या हातासाठीही वापरून पाहण्यात आली, आणि आज आरशाचा उपचार कित्येक ठिकाणी दिला जातो. तिथेही मर्म हेच, की डोळ्यांच्या दाराने हाताच्या कारभाऱ्यापर्यंत पोहोचायचे.

आता या दोन उत्तरांची सांगड घालता येईल का? पाहणाऱ्याचे मन भरकटते, आणि कल्पना करणाऱ्याची हालचाल मध्येच पुसट होते. 2013 साली स्टेफान फोग्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले, की ही दोन कामे वेगवेगळी समजू नयेत. पाहता पाहताच त्या हालचालीची जाणीव आपल्या हातात आणता येते. व्हिडिओ वाट दाखवतो, आणि मन त्या वाटेने चालते. या जोडसरावाचे निरोगी माणसांवरचे निष्कर्ष आशादायक आहेत. रुग्णांवरचे प्रयोग अजून लहान आहेत.

मग घरी काय करावे? आधी तुमच्या फिजिओथेरपिस्टना किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टना विचारून एक काम निवडा. काम रुग्णाच्या रोजच्या जिव्हाळ्याचे असावे. पेला उचलणे, भाकरीचा तुकडा मोडणे, टॉवेलची घडी घालणे, दाराची कडी सरकवणे. आणि ते अगदीच आवाक्याबाहेरचे नसावे. ज्याचा हात मांडीवरून टेबलावर येत नाही, त्याने टेबलावर हात आणण्यापासूनच सुरुवात करावी.

त्या कामाचा व्हिडिओ आता मोबाइलवर घरीच काढता येतो. घरातल्या कुणीतरी, रुग्णाचा जो हात अधू आहे त्याच हाताने, ते काम सावकाश आणि नीट करावे. मोबाइल काम करणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, त्याच्या खांद्यामागून धरावा, म्हणजे पाहणाऱ्याला तो हात आपल्याच अंगातून निघालेला वाटेल. समोरून काढलेल्या व्हिडिओत डावे-उजवे उलटे होते आणि मेंदूला ते वळवून घ्यावे लागते. घरचाच पेला, घरचेच टेबल असू द्या. मागे दूरदर्शन संच लावलेला नको, गप्पा नकोत.

रुग्णाला खुर्चीत ताठ, पण आरामात बसवा. अधू हात त्याच्या नजरेसमोर, उशीवर किंवा टेबलावर टेकवून ठेवा. दोन-तीन मिनिटे व्हिडिओ पाहू द्या. पाहताना त्याने नुसते पाहायचे नाही; पेला धरण्यासाठी बोटे किती उघडली, मनगट कधी वळले, हे टिपत आपल्या हातात ते जाणवते का, हे पाहायचे. मग डोळे मिटून तीच हालचाल तेवढ्याच वेळात मनात करायची. आणि मग, हे विसरू नका, हात जितका हलेल तितका हलवून ते काम करून पाहायचे. चांगल्या हाताने थोडा आधार दिला तरी चालेल. असे दोन-तीनदा झाले की पुरे. पंधरा मिनिटे मन लावून केलेले बरे. तासभर डुलक्या घेत केलेले कामाचे नाही. मनाचा सरावही दमवतो, आणि दमलेल्या मेंदूला विश्रांती द्यावी लागते.

रुग्ण खरोखर मनात काही करतो आहे की नुसते डोळे मिटून बसला आहे, हे कसे कळावे? घड्याळ लावा. "मनात पेला उचला, आणि खाली ठेवलात की सांगा," असे म्हणा. काठोकाठ भरलेला पेला जर क्षणात उचलून झाला, तर मन कुठेतरी घसरले. मेंदूच्या ज्या भागात शरीराच्या ठेवणीची जाण असते, तिथे इजा झाली असेल, तर काही जणांना हा सराव जमतच नाही. कुणाला शब्द कळण्याची अडचण असते. कुणाचे डाव्या बाजूच्या जगाकडे लक्षच जात नाही. यात रुग्णाचा हट्ट नसतो की आळस नसतो. अशा वेळी व्हिडिओचा भाग ठेवावा, कल्पनेचा सोडावा, किंवा दोन्ही सोडून वेगळा मार्ग घ्यावा. हे ठरवायला जाणकारच हवा.

हा जाणकार हवा, असे मी औपचारिकपणे म्हणत नाही. आपल्याच देशातला अनुभव तसा आहे. 'अटेंड' नावाच्या प्रयोगात भारतातल्या 14 रुग्णालयांतले 1,250 रुग्ण घेतले होते. घरच्या माणसांना व्यायाम शिकवून घरी पाठवले, तर रुग्णाचे परावलंबन कमी होते का, असा प्रश्न होता. 2017 साली उत्तर आले: सहा महिन्यांनी दोन्ही गटांत काही फरक नव्हता. घरच्यांची माया कमी पडली असा याचा अर्थ नाही. शिकवून झाल्यावर उपचाराचा सगळा भार घरच्यांच्या खांद्यावर टाकून मोकळे होता येत नाही, असा मात्र आहे. मनाचा आणि व्हिडिओचा सराव हा थेरपिस्टच्या दोन भेटींमधले रिकामे तास भरून काढण्यासाठी आहे. त्या भेटींच्या जागी तो नाही.

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगतो. लुळ्या हाताला धरून रुग्णाला कधीही ओढू किंवा उठवू नका. सैल पडलेला खांदा त्याने दुखावतो, आणि दुखणारा खांदा पुढचे सगळे प्रयत्न बुडवतो. आणि दुसरी अशी, की हे सगळे झटका येऊन गेल्यानंतरचे आहे. एखाद्याचे तोंड अचानक वाकडे झाले, हात खाली पडला, बोलणे बोबडे झाले, तर तेल, आरसा, व्हिडिओ यांतले काहीही न करता 108 ला फोन करावा. गुठळी विरघळवण्याचे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि त्यातला एकेक मिनिट मोलाचा असतो.

शेवटी घरच्या मंडळींना एक विनंती. अधू हाताशी बसलेला माणूस डोळे मिटून गप्प आहे असे दिसले, की "नुसते बसून काय राहता, जरा हात हलवा ना!" असे आपल्या तोंडून सहज जाते. त्या गप्प बसण्यात कदाचित तो पेला उचलत असेल, आठव्यांदा, दहाव्यांदा, आणि पाणी सांडू नये म्हणून जपत असेल. त्याला तेवढा वेळ द्या. मग त्याच्यापुढे खरा पेला ठेवा. पहिल्यांदा अर्धाच भरा.